आठ घरांत एकच बाटली

अभिमनची एक खोड मला आवडत नाही. बोलते मी आणि ते खपतं त्याच्या नावावर. भाजीत हिंग जास्त झालाय हे मी स्वयंपाकघरात पुटपुटायचं, आणि पाहुण्यांसमोर यानं घास चावत सांगायचं, हिंग जरा जास्त पडलाय. पाहुणे म्हणतात, वा, काय पारख आहे. मी आत पोळ्या लाटते. एकदा झालं, दोनदा झालं, आता दीड वर्ष झालं. पोटचा आहे म्हणून गप्प बसते, पण थकले.

यामागचं कारण घरात आम्हा तिघांनाच माहीत. मला, त्याला आणि सूनबाई कुंदाला. अभिमन पुण्याला सरबतांचे अर्क बनवणाऱ्या कंपनीत होता. चाखणं आणि हुंगणं हेच त्याचं काम, त्याचाच पगार. सत्त्याण्णव साली ताप आला, बारा दिवस राहिला, आणि जाताना याच्या नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल तर येईल. कंपनीला कळायच्या आत यानं राजीनामा दिला आणि बायकोला घेऊन जळगावात पिंप्राळ्याला माझ्याकडे आला. कुंदा इथल्या शाळेत लागली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. एक दिवस शेंगदाण्याचं तेल खवट झालेलं, त्यात केलेला चिवडा मी बाजूला ठेवला होता गाईला घालायला. यानं त्यातला दोन वाट्या खाल्ला आणि म्हणाला, छान झालाय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तेव्हा बोलला.

नोकरी गेली, पण कॉम्प्युटर आणला बरोबर. फोनच्या तारेला जोडला की चिरचिर आवाज होतो, आणि मग तासभर आमच्या घरी कुणाचा फोन लागत नाही. त्या कॉम्प्युटरवर त्याची आठ जणांची मंडळी आहे. कुणी मुंबईला, कुणी बंगलोरला, एक दुबईला. महिन्यातून एकदा सगळ्यांनी आपापल्या गावात एकच बाटली आणायची, शनिवारी संध्याकाळी आठ वाजता आपापल्या घरात उघडायची, घोट घ्यायचा आणि कसा लागला ते कॉम्प्युटरवर लिहायचं. बाटली कोणती, ते पाळीपाळीनं एकानं ठरवायचं. या महिन्यात अभिमनची पाळी होती, आणि थंडीचे दिवस म्हणून पोर्ट वाइन घ्यायची असं ठरलं होतं.

मी म्हटलं, "नाही म्हणून सांग. वास येत नाही म्हण."

"आई, तिथं मला मानतात गं. तेवढीच एक जागा राहिली आहे."

आई म्हणून पाघळले, हे कबूल करते.

चार बाटल्या आणल्या त्यानं. दोन गोव्याच्या, एक नाशिककडची, एक परदेशी, ती कुणाकडून तरी मुंबईहून मागवलेली. मी त्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि नेमकी शेजारची द्रौपदाबाई विरजण मागायला आली. ती माझ्यासारखीच धुळ्याकडची, आम्ही दोघी अहिराणीतच बोलतो. चार बाटल्या पाहिल्या आणि खुर्ची ओढून बसलीच.

"अक्का, घरमा कोन बायतीन शे?"

घरात बाळंतीण कोण, असं विचारत होती; आमच्याकडे पोर्ट म्हणजे बाळंतिणीचं औषध. दुसऱ्या कशाला ती घरात येत नाही. मी म्हटलं, "कोनी नही व. पोर्‍यानं काम शे."

"पोर्‍याच बायतीन शे का मंग?"

विरजण देऊन तिला वाटेला लावलं. पण दोन दिवसांत कुंदाच्या शाळेतल्या बायका तिला हळूच विचारायला लागल्या, कितवा महिना. कुंदानं घरी येऊन तेवढं सांगितलं, पर्स खुंटीला अडकवली आणि वह्या तपासायला बसली. तिच्या लग्नाला सहा वर्षं झालीत. असल्या गोष्टी त्या आठ जणांच्या मंडळीत कुणी लिहीत नसेल.

तर पोर्ट मला नवी नाही. अभिमन झाला तेव्हा धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिली होती. झाकणभर, कोमट पाण्यातून, सव्वा महिना. माहेरी सोनगीरला माझी आई ती बाटली देवघराखालच्या फडताळात ठेवायची, म्हणजे माझा बाप तिकडे हात घालणार नाही. पुढे दोन्ही लेकींच्या बाळंतपणांत मीच मापून दिली. चाखल्याशिवाय मी कुणाला काही दिलेलं नाही, औषधही नाही.

सकाळी चूळ भरून, रिकाम्या तोंडी बसले. स्टीलचा चमचा, मध्ये तोंड धुवायला भाकरीचा कोरडा तुकडा. अभिमन वही घेऊन समोर. पहिली गोव्याची. मी म्हटलं, "काकवीत रंग कालवलाय. द्राक्ष याच्या शेजारूनही गेलं नाही." दुसरी गोव्याची जरा बरी, गोड आहे पण घशाला बोचते, लवंग जास्त पडलेल्या पाकासारखी. तिसरी नाशिककडची. आधी आंबट, चिंच भिजवलेल्या पाण्यासारखी, आणि मग मागून मनुका येते आणि बराच वेळ जात नाही. चौथी परदेशी. ती जिभेवर ठेवली आणि मला यावलची केळी पिकवायची खोली आठवली. धूर, पिकलेली साल, ओला पाला, आणि खाली कुठेतरी अक्रोडाचा कडूपणा. चांगली होती. खोटं कशाला बोलू, चारांत तीच चांगली होती.

अभिमन म्हणाला, "मग हीच. हीच कळवतो."

"दुबईवाल्याला मिळेल. बंगलोरवाल्याला मिळेल?"

"शोधतील ते."

"पंगतीत सगळ्यांना पुरेल तेच वाढतात. एकाच्या पानात बासुंदी आणि सात जणांनी वास घ्यायचा, असं आपल्याकडे नसतं. नाशिकची कळव. ती दुबईला कुणाबरोबर धाडता येईल, इकडे सगळ्यांना सापडेल."

तो नाराज झाला, पण कळवली तीच. आणि निवडीचं कारण म्हणून जे लिहिलं, ते पंगतीचंच लिहिलं. माझं नाव नव्हतं.

शनिवारी आठला मी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. पलीकडच्या खोलीत कुंदा वह्या तपासत होती. मी चमचा तोंडात घालायचा, हळू आवाजात सांगायचं, यानं इंग्रजीत टाइप करायचं. चिंच, मनुका, मग तोंडात राहणारा तुरटपणा, नुकता आवळा चावावा तसा. समोरून भराभरा ओळी येत होत्या. तो वाचून दाखवत होता. सगळ्यांना पसंत पडली होती. एकानं लिहिलं, आवळ्याचं कसं सुचतं तुला. अभिमन हसला. दीड वर्षात असा हसलेला मी पाहिला नव्हता, म्हणून मी पुढचा चमचा घेतला.

मग वाल्मीकची ओळ आली. हा वाल्मीक त्याच्या पुण्याच्या कंपनीतला जुना मित्र. ती अभिमननं वाचून दाखवली नाही.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. तुझी तब्येत विचारतोय."

"माझ्या तब्येतीला काय झालं?"

तो पुन्हा टाइप करायला लागला. पलीकडून कुंदाच बोलली, वहीतून मान वर न करता. "आई, पुणं सोडताना त्यांनी सगळ्यांना तसं सांगितलंय. तुम्ही अंथरुणावर आहात, म्हणून नोकरी सोडतोय असं."

म्हणजे मी दीड वर्ष अंथरुणावर होते आणि मला कुणी कळवलं नव्हतं. पहाटे उठून पाणी भरणारी, तिघांचं रांधणारी, याच्यासाठी दारू चाखणारी मी. चमचा बशीत ठेवला आणि उठले. त्या संध्याकाळी पुढं त्यानं काय लिहिलं मला माहीत नाही.

रविवारी सकाळी वाल्मीकचा फोन आला. अभिमन उभ्यानं बोलत होता. हो, हो, करत होता, कान लाल झाले होते. मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळला. वाल्मीक नाशिकला स्वतःचा अर्कांचा कारखाना काढतोय. चाखायच्या कामावर मुख्य माणूस म्हणून अभिमन पाहिजे, एक तारखेपासून. कालचं वाचून त्याची खात्री पटली.

"आई, तू येशील ना नाशिकला? घर मोठं देतोय. नमुने मी घरी आणत जाईन. तू नुसतं सांगायचं, कालसारखं."

कुंदा चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही नाही. मला वाटतं तिला फार आधीपासून माहीत होतं की हे इथवर येणार.

मला राग आला नाही. रागाला पण अंगात जीव लागतो. फोनवरचा त्याचा हात घट्ट नव्हता, पलीकडे ऐकू जात असणार. मी आवाज कमी केला नाही.

"अभिमन, नाक गेलं त्यात तुझी चूक नाही, त्यावरून मी तुला कधी बोलले नाही. पण ते झाकायला तू मला अंथरुणावर टाकलंस, आणि आता त्याच अंथरुणासकट नाशिकला नेतोयस. नमुने बिघडले, कुणाच्या लेकराला बाधलं, तर सही तुझी राहील आणि जीभ माझी. मी हे करणार नाही. तुला माणसं जोडता येतात, लिहिता येतं, त्यावर काम माग त्याच्याकडे, चाखायचं मागू नको. हात काढ फोनवरचा आणि सांग त्याला, ती पोर्ट माझ्या आईनं निवडली. ती ठणठणीत आहे आणि जळगावातच राहणार आहे."