पूर्वेची खिडकी

स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी हवीच, हा अनुपच्या आईचा हट्ट. म्हणून बर्मिंगहॅमबाहेरच्या एका जुन्या कंट्री हाउसमधला, म्हणजे उमरावी हवेलीतला, फ्लॅट त्याने बाहेरून खिडकी बघूनच घेतला. आतून तिथे कपाट होतं. ते हलवलं, तर मागे नुसती भिंत. खिडकी म्हणजे बाहेरून विटांवर रंगवलेलं चित्र होतं. दर्शनी बाजू दोन्हीकडे सारखी दिसावी म्हणून तीनशे वर्षांपूर्वी कुणा उमरावाने केलेली हौस.

खरी खिडकी बसवायची परवानगी मागितली, तर कौन्सिलची बाई म्हणाली, "ती ऐतिहासिक आहे. उलट रंग उडालाय, तो तुम्हालाच द्यावा लागेल."

शनिवारी अनुप दात-ओठ खात ब्रश घेऊन शिडीवर चढला.

खालून आई म्हणाली, "निदान उघडी तरी रंगव."