पंखा बंद ठेवलेली खोली

"लेकराला हितं आणू नगंस, पूर्णिमा," मालुआक्कांनी एकदा मागच्या खोलीत काम करताना सांगितलं होतं. पूर्णिमाला वाटलं, नवरा गेल्यापासून थोरल्या जाऊबाई स्वतःला अपशकुनी समजतात, त्यातलंच हे. ती बी.एस्सी. झालेली. असलं काही आपण मानत नाही, असं म्हणून तिनं आपल्या लहानग्या साईराजला मुद्दाम त्यांच्या मांडीवर बसवलं. आक्कांनी त्याचं नाक पदरानं झाकलं. तेही तिला मायेचंच वाटलं.

सांब्र्याच्या या शेतकरी घरानं घरामागच्या परड्यात फायबरच्या टाक्यांचा कारखाना घातला होता. साच्याच्या उभ्या बाजूला नुसतं रेझिन, म्हणजे टाकीचा पातळ चिकट रस, लावलं तर ओघळतं. त्यात सिलिकाची पावडर मिसळली की ते दह्यासारखं घट्ट होऊन जागेवर राहतं. पावडर इतकी हलकी, की पंखा लावला तर अर्धी उडून जायची. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. शिवाय भर घालायला गारगोटीचं पीठ. आणि हे सगळं मिसळायला आक्का. कारण विधवा बाई गिऱ्हाइकाच्या समोर नको, हा सासऱ्यांचा, भावकूआप्पांचा नेम. आक्कांच्या नवऱ्याच्या तेराव्यानंतर त्यांना पुढच्या सोप्यातून उठवून मागं बसवलं होतं. सावलीतलं काम दिलंय, असं आप्पा गावात सांगत.

उन्हाळ्यात आक्कांना न्हाणीपर्यंत जातानाही दम लागू लागला. वय झालं, म्हणाले आप्पा. आक्का अजून चाळिशीतल्या. मग साईराजही खोकायला लागला. एका सकाळी तो मागच्या खोलीतून पळत आला, तर त्याच्या पापण्या पांढऱ्या. पूर्णिमानं आत डोकावून पाहिलं. दाराच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ नुसती तरंगत होती, खाली बसतच नव्हती. आक्कांनी सांगितलं होतं ते विधवेच्या अपशकुनी सावलीबद्दल नव्हतं, या धुळीबद्दल होतं.

ती दोघांना घेऊन बेळगावला डॉक्टरांकडे गेली. पोराचा खोकला जाईल, डॉक्टर म्हणाले. आक्कांच्या फुफ्फुसावरचे चट्टे मात्र जाणार नाहीत. त्या खोलीत पुन्हा बसल्या तर वाढत जातील.

घरी आल्यावर तिनं आक्कांची खुर्ची सोप्यात मांडली.

"उद्या खानापूरचं गिऱ्हाईक याचंय," आप्पा म्हणाले. "तोंडाला फडकं बांधून बसंल की ती मागं."

"आक्का हितंच बसणार, आप्पा. पावडर कालवायची ती तुमी कालवा."

"लई शिकलीस गं. मोकळ्या कपाळाची बाई दारात बघून टाकी कोण न्हेणार?"

"न न्हेऊ देत."

पूर्णिमाचा नवरा सौरव खाली बघत उभा होता. तेवढ्यात आक्काच उठल्या आणि भिंत धरून आत निघाल्या. "भांडू नकासा. मी बसतो की मागं. सवय हाय मला."

पूर्णिमानं त्यांचा हात धरला. ओढावं लागलं नाही, इतका तो हलका झाला होता. सौरवनं मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली बायकोच्या हाती दिली. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता आक्का सोप्यात बसतात. श्वास पुरत नाही. तरी फाटक वाजलं, की आत जायला उठतात.

म्हणून, वाचणाऱ्यांनो, एक मागणं आहे. तुमच्या नात्यात, शेजारात एखादी बाई पाहुण्यांसमोर कधीच येत नसेल, तर नुसता चहा घेऊन परतू नका. ती दिवसभर कुठं बसते, तिथं वारा येतो का, बोलताना तिला धाप लागते का, हे आत जाऊन बघा. आजच जा.