कोरे कॅमेरे

जुने पण एकदाही न वापरलेले कॅमेरे म्हटलं की मिस्त्रीच्या तोंडाला पाणी सुटायचं. वापरलेले कॅमेरे त्याच्या दुकानात ढिगाने यायचे. कुणाच्या भिंगाला बुरशी, कुणाच्या पोटात समुद्रावरच्या सहलीची वाळू. ते दुरुस्त करून विकायचे, यावर त्याचं आणि त्याच्या मोठ्या बहिणीचं चाललं होतं. दुरुस्ती करतो म्हणून सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणे, आणि काउंटर सांभाळणाऱ्या बहिणीला त्याच्यामागोमाग सगळेच ताई म्हणत. ताईच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती.

पण खोक्याबाहेर कधीच न आलेला कॅमेरा वर्ष-दोन वर्षांत एखादाच हाती लागे. त्यामुळे एका बाईंचा फोन आला, "आमच्या बंद केलेल्या दुकानातले सहा कॅमेरे पडून आहेत, सीलसुद्धा फोडलेलं नाही," तेव्हा मिस्त्रीने हातातलं काम तसंच टाकलं.

"ताई, उठ. चल."

"अरे, निदान हात तरी धू."

बाई दुसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण पाठ ताठ. ताईने पहिल्याच वाक्यात त्यांना काकू करून टाकलं. जेवणाच्या टेबलावर सहा खोकी ओळीने मांडून ठेवली होती. सगळी एकाच मॉडेलची, पिवळट पडलेली, पण चिकटपट्टी जिथल्या तिथे. मिस्त्रीने एक उचलून कानाशी हलवलं आणि लहान मुलासारखा हसला.

"इतकी वर्षं विकले कसे नाहीत?" त्याने विचारलं.

"आमच्या ह्यांच्या जिवावर यायचं. आता हेही गेले. मी तरी किती दिवस पुरणार?"

ताईने मुद्दाम कमी भाव सांगितला. काकू लगेच हो म्हणाल्या. जिन्यातून उतरताना ताई पुटपुटली, "घासाघीस नाही, काही नाही. कुठेतरी पाणी मुरतंय बघ."

दुकानात आल्यावर मिस्त्रीने खोकी उघडली. आत कारखान्यातला वास अजून शिल्लक होता. तळाच्या पत्र्यावरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रासुद्धा निघालेला नव्हता. त्याने पहिला कॅमेरा हातात घेतला, फिल्म पुढे सरकवायची लिव्हर ओढायला गेला, आणि ती सरकेना. शटर आधीच ताणलेलं होतं.

हे विचित्र होतं. कारखान्यातून कॅमेरा कधीच शटर ताणून पाठवत नाहीत, स्प्रिंग थकते. त्याने दुसरा घेतला. तोही ताणलेला. सहाही तसेच. एखाद्याने लिव्हर ओढून, बटणावर बोट ठेवून, दाबायचं तेवढं बाकी ठेवावं तसे.

त्याने एकेक बटण दाबून सहाही शटर सैल केली. खट, खट, खट. आवाज नव्या कोऱ्या यंत्राचा, स्वच्छ. मग कॅमेरे काचेच्या कपाटात ठेवून दिले.

सकाळी बघतो तर सहाही परत ताणलेले.

"ताई, हात लावू नकोस म्हटलं होतं ना?"

"मी? मला काय तेवढाच उद्योग आहे?"

"मग काय उंदीर येऊन लिव्हर ओढतात?"

"तूच ओढली असशील आणि विसरला असशील. परवा चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधत होतास."

त्या दिवशी त्याने कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. दुपारी दोघं काउंटरमागे डबा खायला बसले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, बाहेर लख्ख ऊन होतं. आणि कपाटातून आवाज आला. आधी लिव्हर ओढल्याचा, कर्र. मग काही क्षण शांतता. मग, खट.

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. ताईने पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला, जणू जोरात ठेवला तर कुणाला तरी राग येईल.

परत, कर्र. शांतता. खट.

"फिल्म घाल," ताई म्हणाली.

"काय?"

"एका कॅमेऱ्यात फिल्म घाल. एवढं चाललंय तर कशाचे फोटो काढतोय ते तरी बघू."

मिस्त्रीला ते मुळीच पटलं नव्हतं, पण ताईने एकदा मनावर घेतलं की वाद घालण्यात अर्थ नसे. त्याने एकात फिल्म घातली, कॅमेरा कपाटाच्या खालच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि कुलूप लावलं. चार दिवसांनी रोल संपलेला होता. मागच्या मोरीत त्याची डार्करूम होती. तिथे त्याने तो धुतला आणि निगेटिव्ह दिव्यासमोर धरलं.

कॅमेऱ्यासमोर भिंत होती. फोटोत भिंत नव्हती. फोटोत ते दोघं होते.

प्रिंट काढल्यावर सगळं नीट दिसलं. दुकानातलंच दृश्य, त्यांचेच रोजचे कपडे. काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाईक उभं राहतं तिथून, कुणीतरी जरासं वाकून काढावेत असे फोटो. एकात मिस्त्री पेचकस हातात धरून उभा, एकात ताई गल्ल्यावर कोपर टेकून. आणि प्रत्येक फोटोत दोघं हसत होते. कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या किंचित वर बघून, जिथे फोटो काढणाऱ्याचा चेहरा असतो तिथे. ओळखीचं, लाडकं माणूस काहीतरी बोललंय आणि हसू आवरत नाहीये, असं.

ताईला फोटोत कधी हसता आलं नव्हतं. पुढचा वाकडा दात दिसतो म्हणून ती ओठ घट्ट मिटायची. लग्नातल्या फोटोतही ती परीक्षेला बसल्यासारखी दिसे, आणि लग्न मोडल्यावर तर तिने फोटोच काढून घेतला नव्हता. इथे तिने मान मागे टाकली होती आणि तो वाकडा दात झकास चमकत होता.

"मी अशी हसते?" ती कितीतरी वेळ तो एकच फोटो बघत राहिली.

"तू हसलीच नाहीस, ताई. मीही हसलो नाही. आपल्यासमोर कुणी उभंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दोघं फोटो घेऊन काकूंकडे गेले. काकूंनी चष्मा लावला, एकेक फोटो उजेडाकडे धरला, आणि घाबरण्याऐवजी त्यांचा चेहरा उजळला.

"खटक्या," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आमच्या दुकानातला विक्रेता. मिसरूड फुटायच्या आत आला आणि केस पिकेपर्यंत राहिला. गिऱ्हाईक आलं की कॅमेरा डोळ्याला लावायचा, 'हं, इकडे बघा' म्हणायचा, मग काहीतरी पुटपुटायचा आणि खट. माणूस हसलाच पाहिजे. रडकी पोरं हसायची, भांडून आलेले नवरा-बायको हसायचे. काय बोलायचा देव जाणे, मला कधी ऐकू आलं नाही." त्यांनी फोटो खाली ठेवला. "आत फिल्म नसायची हो. दाखवायचा कॅमेरा तो. ह्यांनी कधी घालू दिली नाही, उगाच वाया जाते म्हणायचे. इतकी माणसं हसवली त्याने, पण एक फोटो काढला नाही."

"आणि हे सहा?"

"नवीन मॉडेल येणार म्हणून महिनाभर नाचत होता. माल सकाळी आला. खोकी उघडायची म्हणून कात्री घ्यायला वाकला तो उठलाच नाही." काकूंनी तो फोटो परत उचलला. "तुम्ही फिल्म घातलीत, बरं केलंत."

मिस्त्रीला वाटलं होतं, कारण कळलं की भीती जाईल. ती गेली नाही. उलट आता कर्र आणि खटच्या मधल्या शांततेत कुणीतरी काहीतरी पुटपुटतंय, असं वाटायला लागलं.

ताईचं मात्र निराळंच झालं. ती स्वतःच फिल्म बदलायला लागली. सकाळी केस नीट विंचरून काउंटरवर बसायची. गिऱ्हाइकांवर खेकसणं बंद झालं, कारण तिचं लक्षच नसायचं. पुढच्या रोलमध्ये मिस्त्री क्वचितच होता. त्याच्या पुढच्या रोलमध्ये नुसती ताई. प्रत्येक फोटोत आधीच्यापेक्षा थोडी जवळ. शेवटच्या फोटोत तिचा चेहरा मावत नव्हता. फक्त हसरे डोळे, आणि कुणीतरी देऊ केलेला हात धरायला पुढे केलेला तिचा हात.

मिस्त्रीने तो फोटो तिला दाखवलाच नाही. सहाही कॅमेरे खोक्यांत भरले आणि ताई बाजारात गेली असताना काकूंकडे पोचवून आला.

ताई परत आली, रिकामं कपाट पाहिलं. ओरडेल, भांडेल, असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्याने तुझं काय घोडं मारलं होतं?"

मग रविवारी ताई काकूंकडे जायला लागली. जाताना पर्समध्ये फिल्मचा रोल असायचा. मिस्त्री कानाडोळा करत होता. पण एका रविवारी संध्याकाळ व्हायला आली तरी ती परतली नाही, तेव्हा तो तिला आणायला गेला.

काकूंच्या दाराशेजारी गॅलरीत उघडणारी खिडकी होती. बेल वाजवायच्या आधी त्याने आत डोकावलं. ताई आणि काकू टेबलापाशी बसल्या होत्या. बोलत नव्हत्या, हसत नव्हत्या. दोघींनी हात मांडीवर ठेवले होते आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे जरासं वर बघत होत्या. टेबलावर चहाचे तीन कप होते. मोठ्याने हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून खट झालं. तो तसाच मागे सरला आणि बेल न वाजवता जिना उतरला.

ताई अंधार पडता पडता आली.

आठवड्याने तिने बाहेरून काढून आणलेली प्रिंट त्याच्या समोर टाकली. "आला होतास? मग आत का नाही आलास रे?"

फोटोत टेबल होतं, ताई आणि काकू खळखळून हसत होत्या. मागे खिडकीत तो स्वतः उभा होता. हात वर केलेला, सगळे दात दिसतायत, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या. लहानपणापासूनचा मित्र अचानक दिसावा तसा. इतका आनंद आपल्याला शेवटचा कधी झाला होता, ते त्याला आठवेना.

ताई आत गेल्यावर तो मोरीतल्या छोट्या आरशासमोर उभा राहिला आणि तसं हसून पाहिलं. जमलं नाही. परत पाहिलं. ओठ ताणले जात होते, एवढंच.

पुढच्या रविवारी ताई निघाली. त्याने दुकान बंद केलं, चपला घातल्या आणि तिच्या मागोमाग चालू लागला.