अर्ध्यावर वळलेली मान

कोपर शहराच्या बंदरात क्रेन शिकवायची खोली नेवियाच्या ताब्यात होती. डोळ्यांवर तिथला जाडजूड आभासी चष्मा चढवला की समोर अख्खा धक्का उभा राहायचा. खोड एकच होती. मान आधी वळायची आणि चित्र मागाहून रखडत यायचं. शिकाऊ पोरं मळमळून कासावीस व्हायची. मग नेवियाने युक्ती काढली. मान ज्या वेगाने निघाली, त्यावरून ती कुठे पोचणार हे यंत्राने ताडायचं आणि चित्र आधीच तिथे नेऊन ठेवायचं. किती पुढे न्यायचं, ते तिने स्वतःच्याच मानेवर ठरवलं, कारण तपासायला दुसरं कुणी बसायलाच तयार नव्हतं. आणि बाईसाहेबांची मान जन्माची सावकाश. तिचा भाऊ एगोन म्हणायचा, हिला हाक मारावी आणि एक कॉफी पिऊन यावं. पण मळमळ थांबली, साहेब खूश झाले आणि नेवियाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

शिकणाऱ्यांत झ्वोन्को पहिला आला. कालपासून तो खऱ्या क्रेनवर होता. दुपारी तो आणि नेविया कँटीनमध्ये योता, म्हणजे आंबट कोबीचं सूप, ओरपत बसले होते.

"काय राजे, खरी क्रेन कशी वाटते?"

"आळशी आहे गं. तुझ्या चष्म्यात मानेला नुसता झटका दिला की खांबामागचा कोपरा दिसायचा. वर केबिनमधून तो दिसतच नाही कधी कधी."

"मग पूर्ण वळ की. मान काय भाड्याने आणलीस?"

"वळतो गं. म्हणजे, वळतोच की."

"आज खाली कोण आहे?"

"तुझाच एगोन. काळजी नको, त्याचं टक्कल ढगातूनही दिसतं."

ती हसली. तो पाळीवर गेला. वाटी परत ठेवताना मात्र तो 'नुसता झटका' आठवला आणि तिचं हसू विरलं.

खोलीत येऊन तिने चष्मा चढवला आणि पहिल्यांदाच झ्वोन्कोसारखा मानेला झटका दिला. मान अर्ध्यावर होती, तरी चित्रातला खांबामागचा माणूस लख्ख दिसला. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा दिसला. तिच्या सावकाश मानेवर बेतलेलं यंत्र झटक्यासरशी चित्र फारच पुढे नेत होतं. एवढे दिवस आपण या पोराला अर्धंच वळायला शिकवलं.

क्रेनवर असो की क्रेनखाली, कामावर फोन जवळ ठेवायचा नाही असा नियम. वायरलेस साहेबांच्या कुलपात, आणि साहेब जेवायला. ती धक्क्याकडे धावत सुटली. डोंगरावरून सुटणारा बोरा वारा एवढा पिसाळला होता की तिची हाक तिच्याच कानांपर्यंत पोचेना. खांबामागे एगोन पाठमोरा वाकून साखळी सोडवत होता. त्याच्या डोक्यावर लोखंडी कंटेनर लटकत होता.

वर काचेच्या केबिनमध्ये झ्वोन्कोचं डोकं दिसत होतं. डबा सोडण्याआधी कोपरा बघायचा, हे त्याच्याकडून तिनेच घोकून घेतलं होतं. तो विसरला नाही. त्याची मान झटक्यात वळली, अर्ध्यावर थांबली आणि सरळ झाली.

कंटेनर खाली येऊ लागला.