लिलावातला चेहरा

मुखरूभाऊंनी जीभ हनुवटीपर्यंत काढली, डोळे वटारले आणि घशातून आवाज सोडला. समोरच्या घरची शेळी पाला चावता चावता त्यांच्याकडे पाहू लागली.

"एवढुसाच सिंह?" मोनाली म्हणाली. "तोंड पुरं उघडा, बाबा. शेळी बी भ्याली नाई."

ब्रह्मपुरीच्या त्या ओट्यावर हे रोज सकाळी चाले. आधी खुर्चीत बसून खांदे फिरवायचे, मग सिंहासन, मग चार मोजेपर्यंत श्वास आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर. शेवटी ओठ मिटून, गुणगुणत भ्रामरी. थोरली मोनाली सरकारी दवाखान्यात नर्स; एका शिबिरात शिकून आली होती आणि बापाकडून ड्युटी लावल्यासारखं करवून घेई. यानं पार्किन्सन जाणार नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. पण भ्रामरीनंतर थोडा वेळ त्यांचा आवाज जरा ठसठशीत निघे. एरवी तो शर्टाच्या पहिल्या गुंडीपर्यंत जेमतेम पोचायचा.

हात थरथरे, त्याचं मुखरूभाऊंना फारसं काही वाटत नसे. त्यांना चिंता होती चेहऱ्याची. गाल, कपाळ, सगळं आखडून बसलं होतं, आणि आज गडचांदूरहून पाहुणे यायचे होते. धाकट्या दिव्यानीनं स्वतः पसंत केलेला रोशन, वडिलांना घेऊन तिला मागायला येत होता. आज थोडं तरी हसता आलं पाहिजे, म्हणून महिनाभर हा सिंह रोज सकाळी दोनदा डरकाळत होता.

दुखणं उशिरा कळलं, त्यालाही चेहराच कारण. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "यांचा चेहरा असा कधीपासून?"

"मी जन्मापासून पाहून राह्यली सर," मोनाली म्हणाली होती, "असाच आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. मुखरूभाऊंनी तीस वर्षं लाकूड कापायच्या आरामशीनच्या मालकासाठी सागवानाच्या लिलावात बोली लावली. लाकडाच्या डेपोत ओंडक्यांची एखादी थप्पी मनात भरली, की तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारच्याला हाव दिसली की तो बोली चढवतो. बाकीचे व्यापारी त्यांना 'ओंडका' म्हणत, आणि त्यांना ते बक्षिसासारखं वाटे. माणूस घरात शिरताना चपला काढतो. मुखरूभाऊ चपला काढत, पण डेपोतला चेहरा तसाच घालून घरभर फिरत.

तेरा वर्षांपूर्वी याच ओट्यावर मोहर्लीचा दिनेश आपल्या मामाला घेऊन आला होता, मोनालीसाठी. जंगलात गाइड होता. चहा घेऊन आलेल्या मोनालीला त्यानं उठून स्वतःची खुर्ची दिली, तेव्हाच तो मुखरूभाऊंच्या मनात भरला. पण पोरीच्या बापानं लगेच खुलायचं? त्यांनी दिनेशकडे चांगल्या थप्पीकडे पाहावं तसं पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही. महिनाभर जाऊ द्यावा, मग निरोप धाडावा, असा त्यांचा अंदाज. महिना भरायच्या आत दिनेशचं दुसरीकडे जमल्याचं कानावर आलं. मोनालीनं बापाला एक शब्द विचारला नाही. नंतरच्या प्रत्येक स्थळाला तीच नाही म्हणत गेली. मुखरूभाऊही काही बोलले नाहीत. आणि तेव्हा तर आवाज चांगला खणखणीत होता.

पाहुणे अकराला यायचे, ते आले दीडला. वाटेत जीपचं टायर बसलं. तोवर सकाळच्या गोळीचा जोर ओसरला होता. मोनालीनं घाईनं दुसरी दिली, पण ती चढायला वेळ लागणार होता. मुखरूभाऊ खुर्चीत बसले होते आणि चेहऱ्याची कवाडं बंद होती.

रोशनचे वडील सुनिल बोलका माणूस. ते धानावर बोलले, रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलले, सिमेंटच्या धुळीवर बोलले. मग त्यांचाही साठा संपला.

"मुखरूभाऊ," ते चाचरत म्हणाले, "आमचं काही चुकलं का? तुमी काही बोलूनच नाई राह्यले."

रोशननं मान खाली घातली. चहा घेऊन येणारी दिव्यानी दाराशीच थांबली.

मुखरूभाऊंनी ओठ मिटले. चार मोजेपर्यंत श्वास घेतला आणि गुणगुणत सोडला. सुनिलना वाटलं देवाचं चाललंय. त्यांनी हात जोडले. दुसरा श्वास, तिसरा. मग आवाज निघाला, जाडाभरडा, पण दारापलीकडे ऐकू जाईल असा.

"चेहऱ्यावर जाऊ नोका, सुनिलभाऊ. तो बिमारीनं मेला. आत मी हासून राह्यलो. पोरगा मले लय पसंत आहे."

"मंग आधी सांगा ना हो!" सुनिल खुर्चीतून उठलेच. "मी त मनातल्या मनात वापस जीपमधी बसलो होतो!"

मग हशा झाला, पेढे निघाले, दिवाळीनंतरची तारीख धरायचं ठरलं. चार वाजता दिव्यानी पाहुण्यांना जीपपर्यंत पोचवायला गेली.

मोनाली कपबश्या गोळा करत होती. शेवटचा कप हातात घेऊन ती बापासमोरच्या खुर्चीवर बसली.

"बाबा."

"हूं."

"दिनेश आला होता, तवा बी आत हासत होते का तुमी?"

कप तिच्या हातात स्थिर होता. केसांत कानामागे पांढरं दिसत होतं. रोज सकाळी ती समोर बसून आकडे मोजायची, तरी ते त्यांना आजच दिसलं. मुखरूभाऊंनी श्वास घेतला. चारपर्यंत गेले, सहापर्यंत परत आले. होय म्हटलं तर तिची तेरा वर्षं नुसत्या एका चेहऱ्यापायी गेली असं ठरत होतं; नाही म्हटलं तर तिला रागवायला निदान बाप उरत होता. मोनालीनं घाई केली नाही; या आवाजाला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं.

"नाई," ते म्हणाले. "मले तो पोरगा पटलाच नव्हता."

मोनाली त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. कपाळ, डोळे, ओठांच्या कडा. आधी नर्सच्या नजरेनं, मग पोरीच्या. तिथं शोधून सापडावं असं काही नव्हतं.

"मले वाटे..." ती म्हणाली आणि थांबली. मग एकदम आवाज चढला. "खुर्ची देली होती त्यानं मले! तुमाले काय पाह्यजे होतं अजून? लय वाईट माणूस आहे तुमी, बाबा. लय वाईट."

तेरा वर्षांत ती पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली होती. ओरडून झाल्यावर ती धापा टाकत बसली. मग कप खाली ठेवून तिनं ओढणीचं टोक घेतलं आणि त्यांच्या हनुवटीवर आलेली लाळ पुसू लागली.

तिला नीट पुसता यावं म्हणून मुखरूभाऊंनी मान थोडी वर केली.