कुंकू लागलेली हार्ड डिस्क

मी हार्ड डिस्क बोलतेय. आवाज जरा घरघरतो, पण वयोमानाने ते चालायचंच. माझी जागा चाळीस जीबी. हसू नका. माझ्या तरुणपणी चाळीस जीबी म्हणजे चार बेडरूमचं घर होतं, आणि एवढं घर भरणार कशाने, असं लोक विचारत.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, तेव्हा मी कोरी होते. शुद्धीवर आले ती इंग्लंडातल्या स्लाऊ गावी, पुरुषोत्तम आणि देवयानी यांच्या घरी, जिन्याखालच्या कॉम्प्युटरमध्ये. माझ्यावर विंडोज ९८ चढवलं गेलं आणि माझा संसार सुरू झाला.

पुरुषोत्तम एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. त्याला स्वस्थ बसवत नसे. टोस्टर बिघडला नाही तरी तो आतून कसा आहे हे बघायला उघडायचा. उघडलेलं परत बंद करताना एखादा स्क्रू हमखास उरायचा, तो डब्यात टाकायचा. त्या डब्यातल्या स्क्रूंवर आणखी एक घर उभं राहिलं असतं.

देवयानी मात्र माझी खरी मालकीण. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची ती संपादक. लेखकांचे हाताने लिहिलेले कागद पोस्टाने यायचे, आणि दुपारी घर रिकामं झालं की ती ते टाइप करायची. तिचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम जुना होता, फक्त विंडोज ९८ वरच चालायचा. लेख संपले की ती हळूच दुसरी एक फाइल उघडायची. ती तिची स्वतःची कथा होती. तिचा कागद नव्हता की कच्चा खर्डा नव्हता, थेट माझ्यावरच लिहिलेली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच काही लिहीत होती आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. तिची पहिली आणि एकुलती एक वाचक मी. मला त्याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

मग २००४ साली पुरुषोत्तमचा मित्र सतीश घरी यायला लागला. सतीश हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. माणसांना झोपवणं ही त्याची नोकरी आणि लोकांचे कॉम्प्युटर झोपवणं हा छंद.

"पुऱ्या, अजून नाइन्टी-एट? म्युझियममध्ये ठेव! दुसरी डिस्क घे, एक्सपी टाक, लिनक्स टाक. वहिनींचं नाइन्टी-एट जुन्या डिस्कवर राहू दे. स्विच ऑन केलं की मेन्यू येईल, हवं ते सिलेक्ट करायचं. सिंपल!"

"तुम्ही सिंपल म्हणालात की मला टेन्शन येतं, डॉक्टर," देवयानी म्हणाली.

पण पुरुषोत्तमच्या डोळ्यांत चमक आली होती. पुढच्याच रविवारी गावच्या क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या कॉम्प्युटर फेअरमधून त्याने एक सेकंडहँड डिस्क उचलून आणली. कंपनी माझीच, जागाही माझ्याइतकीच. "जोडी छान दिसेल," म्हणाला. जोडी! माझ्या घरात न विचारता आणलेली ती धाकटी जाऊ, आणि म्हणे जोडी.

दसरा आला. इथे सगळे सण शनिवारी येतात, तसा तोही शनिवारी आला. दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची, आणि या घरातलं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. कॅबिनेट उघडून मला बाहेर काढलं आणि आम्हा दोघींना पाटावर शेजारी शेजारी बसवलं. देवयानीने पाण्यात कालवलेलं कुंकू बोटाने जाऊबाईंना लावलं, मग मलाही लावलं. माझ्या अंगावर श्वास घ्यायला एक बारीक भोक आहे. 'हे झाकू नये' असं त्याच्या शेजारी छापलेलंही आहे. कुंकू नेमकं तिथेच बसलं. उरलेलं ओघळून दोघींच्या लेबलांवर पसरलं. वर अक्षता आल्या. आरती झाली, पेढे झाले, आणि पूजेला आलेल्या सतीशने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"वहिनी, तुमची डिस्क बाजूलाच ठेवतो. नव्या डिस्कवर काम करू, मग तुमची परत जोडू. झीरो रिस्क."

विचार उत्तम होता. फक्त पाटावर आता दोन सारख्याच लालभडक डिस्का होत्या. सतीशने आत्मविश्वासाने एक उचलून देवयानीच्या हातात दिली. तिने ती पदराने पुसून जपून फडताळात ठेवली. ती जाऊबाई होती. आणि मला कॅबिनेटमध्ये घालून स्क्रू पिळले गेले.

मी जिवाच्या आकांताने खडखड केली.

"आवाज करतेय रे," पुरुषोत्तम म्हणाला.

"सेकंडहँड आहे ना. होईल सेटल."

स्क्रीनवर प्रश्न आला की या डिस्कवर आधीचं काही आहे, पुसायचं का? पुरुषोत्तम क्षणभर थांबला. मला वाटलं, आता तरी याला सुचेल.

"आधीच्या ओनरचं असणार," सतीश म्हणाला. "उडव."

उडवलं. माझ्या पुढच्या अर्ध्यात एक्सपी येऊन बसलं, मागच्या अर्ध्यात लिनक्स. मित्रांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. मग फडताळातली डिस्क समारंभाने जोडली आणि देवयानीला बोलावलं. तिने फाइली उघडल्या. स्क्रीनवर एका कॅरॅव्हॅनपुढे उघड्या पोटाने बसलेले, उन्हाने लालबुंद झालेले एक अनोळखी गोरे गृहस्थ हसत होते.

"हे कोण?" देवयानीने विचारलं.

सतीशला अचानक हॉस्पिटलात ऑन-कॉल ड्युटी असल्याचं आठवलं आणि तो गेला.

पुरुषोत्तम घाम पुसत म्हणाला, "हे बघ, सगळ्यांचे कागद आहेत ना आपल्याकडे? मी टाइप करतो. रजा काढतो. एकही लेख जाणार नाही."

"एक गेला," देवयानी म्हणाली.

"कुणाचा?"

"माझा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तू लिहितेस?"

त्या दोन शब्दांनी तिला जेवढं लागलं, तेवढं मला पुसलं जाण्यानेही लागलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढे मात्र मी या माणसाचं कौतुकच करीन. रोज ऑफिसातून आला की तो माझ्यापुढे बसायचा आणि पुसलेलं शोधायचा. फाइलींचे तुकडे सापडत, पण एक्सपीवर उघडले की त्यांतलं मराठी म्हणजे इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. शेवटी जाऊबाईंवर नव्याने विंडोज ९८ घातलं, तो मराठी प्रोग्रॅम घातला, तेव्हा कुठे अक्षरं दिसली. देवयानीला न बोलावता त्याने वाचायला घेतलं.

'त्याने घरातलं सगळं उघडून पाहिलं होतं. टोस्टर, कचरा ओढायचा हूवर, बॉयलरसुद्धा. तिला मात्र, काय झालं, असं त्याने कधी विचारलं नव्हतं.'

आधी तो हसला. मग हसायचा थांबला. मग पुढे पुढे वाचत गेला आणि एका वाक्याच्या मध्येच कथा संपली. शेवटाच्या जागेवर लिनक्स बसलं होतं.

"देवयानी, मग पुढे काय करते ती?"

"तूच पुसलंस."

"तुला आठवत असेल ना?"

"आठवतंय," ती म्हणाली आणि भाजी परतत राहिली. त्याने गॅस बंद केला, स्टुलावर बसला आणि विचारलं, "काय झालं?"

ती रडली. मग पुष्कळ बोलली. भाजी गारढोण झाली. नंतर तिने कथेचा शेवट नव्याने लिहिला. त्यात नवरा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून बायकोजवळ येऊन बसतो. अंक दिवाळीआधी निघाला. सतीशने कथा वाचून फोन केला, "वहिनी, एक नंबर! शेवट तर क्लासच."

त्याला पाच वर्षं झाली. मी आता गॅरेजमध्ये, बिस्किटांच्या डब्यात असते. लॅपटॉपच्या जमान्यात मला कोण विचारतो? पण पुरुषोत्तम विचारतो. नवं रिकव्हरी सॉफ्टवेअर आलं की मला काढतो, जोडतो आणि तो पहिला शेवट धुंडाळतो. त्याला अजून रुखरुख आहे.

पहिला शेवट मला पाठ आहे. त्यात ती बॅग भरून लीड्सला मैत्रिणीकडे निघून जाते, आणि फ्रिजमधलं दूध संपेपर्यंत नवऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

तेव्हा पुरुषोत्तमराव, हात जोडायला मला हात नाहीत, पण विनंती ऐका. घरातलं ड्रिल घ्या, माझ्या मधोमध एक भोक पाडा आणि मला कौन्सिलच्या टिपवर, त्या कचरा डेपोत, टाकून या. आयुष्यात तुम्ही पुष्कळ काही चुकून पुसलंत. त्यातली ही एक गोष्ट पुसली गेली, ते फार बरं झालं.