मुंगीताईंचा कीबोर्ड

"अहो, हा मुका आहे!" मुंगीताई म्हणाल्या आणि चटका बसल्यासारखं त्यांनी बोट मागे घेतलं. "दाबतेय तरी आवाज नाही. बिघडलेला माल दाखवता होय मला?"

दुकानदार हसला. कपाळावर सरकवलेला चष्मा डोळ्यांवर आणत म्हणाला, "मुकाच असतो तो. मिडी कीबोर्ड म्हणतात याला. नुसत्या पट्ट्या. तुम्ही कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, तेवढं हा कॉम्प्युटरला सांगतो. आवाज कॉम्प्युटर काढतो."

"म्हणजे चुगलखोर आहे म्हणा की."

भाची खुदकन हसली. ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. नोकरीसाठी या शहरात आली, ती मावशीच्याच घरी राहिली. पुढे नोकरी सुटली, मावशी सुटली नाही. आता ती घरी बसून जाहिरातींना संगीत करून द्यायची, आणि गेले कित्येक दिवस तिने मावशीच्या मागे लकडा लावला होता. "भाजी चिरताना तू गुणगुणतेस ना मावशी, ते सगळं वाया चाललंय. तू वाजव, मी साठवून ठेवते." मुंगीताई लहानपणी शाळेचा ऑर्गन वाजवायच्या. त्यानंतर पट्ट्यांना हात लागला नव्हता. इतके दिवस त्या "माझं काय वय आहे का हे!" म्हणून झटकून टाकत होत्या. आणि परवा एकदम स्वतःच म्हणाल्या, "चल, आणूया." भाचीला नवल वाटलं, पण ती खूश झाली. तिने फार विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. कारण मुंगीताईंना गाण्याबिण्याचं काही पडलं नव्हतं. त्यांना बोटांचा व्यायाम हवा होता.

मुंगीताई हे नाव लॅबमधलं. रक्त काढताना त्या लहान मुलांना सांगायच्या, "मुंगी चावणार हं आता," आणि मूल मुंगी शोधत असतानाच काम उरकलेलं असायचं. ज्यांची शीर कुणाला सापडत नाही, अशी सगळी माणसं त्यांच्या खुर्चीपुढे यायची. म्हाताऱ्याकोताऱ्या, दवाखान्याला कंटाळलेले जुने आजारी, आणि इवल्याइवल्या मनगटांची तान्ही बाळं. "मुंगीताईंकडे पाठवा," एवढं म्हटलं की डॉक्टरीणबाई निर्धास्त. याचा त्यांना गर्व होता. आणि का नसावा? घरी त्यांचं कौतुक करायला दुसरं होतं कोण!

आणि गेल्या आठवड्यात त्यांचा हात थरथरला. तान्ह्या बाळाच्या मनगटाला सुई लावली आणि ती शिरेला सोडून भलतीकडेच गेली. बाळ किंचाळलं. पुन्हा टोचावं लागलं. बाळाची आई घाबरून बघत होती, आणि मुंगीताईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "बाळ हललं हो. नीट धरायला हवं होतं तुम्ही." बाळ अजिबात हललं नव्हतं. ते दिव्याकडे टकामका बघत पडलं होतं. "माझंच चुकलं," असं म्हणत ती बाई डोळे पुसत निघून गेली. तेच बाळ उद्या पुन्हा तपासणीला यायचं होतं, आणि मुंगीताईंना तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. सकाळपासून त्या नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. दुकानाकडे निघताना गॅस बंद केलाय का बघायला अर्ध्या जिन्यातून परत गेल्या, आणि दुकानात आल्यावर रुमाल घरीच राहिला म्हणून चिडल्या. रुमाल पर्समध्येच होता.

"वाजवून बघा की," दुकानदार म्हणाला. त्याने समोरचा छोटा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला. "हा हलका आहे. बोट टेकवलं की झालं. घरी टेबलावर मावतो, नवशिक्याला बरा."

मुंगीताईंनी पदर सावरला आणि शाळेतलं एक जुनं गाणं धरलं. बोटं अडखळत का होईना, चालली. प्रत्येक सुराची एक हिरवी रेघ पडद्यावर उमटत होती. सूर जितका लांब, तितकी रेघ लांब. गाण्याच्या शेवटी एक सूर धरून ठेवायचा होता. त्यांनी तो धरला आणि स्पीकरमधला आवाज थडथडला. पडद्यावर एक सलग रेघ यायची, तिथे बारीकबारीक तुकडे सांडले होते, पावाचा चुरा सांडावा तसे.

"खराब आहे हा," मुंगीताई ताडकन म्हणाल्या.

"नवाकोरा आहे हो."

"मग नवाकोरा खराब आहे!"

दुकानदाराने तीच पट्टी स्वतः दाबून धरली. लांबलचक, गुळगुळीत रेघ आली. त्याने डोकं खाजवलं. मुंगीताईंनी पुन्हा दाबली. पुन्हा चुरा. त्याने त्याच बनावटीचा दुसरा कीबोर्ड आणून लावला, तिथेही तेच.

"तुमची सगळी खेपच तसली दिसतेय," मुंगीताईंचा आवाज चढला होता. "बघून घेत नाही का तुम्ही माल? माणसं विश्वासाने येतात तुमच्याकडे!"

बिचारा दुकानदार सरळ माणूस होता. "तसं असेल तर परत पाठवतो बुवा," म्हणत तो काउंटरवर गेला आणि दोन्ही कीबोर्ड खोक्यात भरायला लागला.

 भाची मघापासून पडद्याकडे बघत नव्हती, मावशीच्या हाताकडे बघत होती. मुंगीताईंच्या ते लक्षात आलं तसा त्यांनी हात पर्समध्ये घातला आणि त्या रुमाल शोधू लागल्या.

"काका, तो मोठा जोडू का?" भाचीने विचारलं. "जड पट्ट्यांचा?"

"जोडा, जोडा."

हा कीबोर्ड चांगला लांबरुंद होता. पट्टी दाबायला बोटाला जोर लावावा लागायचा, पण एकदा खाली गेली की बोटाखाली घट्ट बसून राहायची. मुंगीताईंनी तेच गाणं वाजवलं. शेवटचा सूर धरला. आवाज थडथडला नाही. पडद्यावर अखंड हिरवी रेघ पुढे सरकत राहिली, सरकत राहिली, आणि मुंगीताईंचा चेहरा असा फुलला की विचारू नका.

"बघ! म्हटलं नव्हतं? त्या खोक्यातच दोष होता!" त्यांनी गाणं पुन्हा वाजवलं, आणखी एकदा वाजवलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "हाच घेऊया. रोज वाजवीन मी. अगं, हात कसा चाललाय बघ माझा, आहे का काही?"

भाची त्यांच्या शेजारी स्टुलावर टेकली. हळूच म्हणाली, "मावशी, कधीपासून होतंय?"

"काय कधीपासून?"

"मावशी."

मुंगीताईंची बोटं पट्ट्यांवरच राहिली. "थोडंसंच होतं गं. व्यायामाने जाईल. यावर बघ ना, काही नाही."

"त्या पट्ट्या जड आहेत मावशी. त्या तुझं बोट धरून ठेवतात." "वाजवायला छानच आहे हा, घेऊया. पण आपण डॉक्टरकडे पण जाऊ."

मुंगीताईंनी पट्टीवरचं बोट उचललं. जड पट्टीने बोट धरलं, ठीक. पण बाळाच्या मनगटाला कुठे वजन असतं? तिथे धरायला कोण असतं? काउंटरवर दुकानदार दोन्ही खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. वरच्या चिठ्ठीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सदोष.' मुंगीताईंना एकदम ती बाई आठवली, डोळे पुसणारी.

"अहो, थांबा," त्या उठल्या. "ते परत नका पाठवू. त्यांच्यात काही दोष नाही."

"पण तुम्हीच तर..."

"माझा हात थरथरतो. ते बरोबर तेच सांगत होते. उगाच बोलले मी तुम्हाला."

 दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि चिठ्ठी फाडून टाकली. "तुम्ही वाजवता छान हो," एवढंच म्हणाला. मोठा कीबोर्ड रिक्षात मागे मावेना, तेव्हा तो दोघींच्या मांडीवर आडवा ठेवून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी मुंगीताई वेळेच्या आधीच लॅबमध्ये पोचल्या आणि डॉक्टरीणबाईंशी दार लावून बोलून आल्या. बाहेर येऊन त्यांनी आपली खुर्ची पुसली आणि नव्या टेक्निशियनला, जिला त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं, तिथे बसवलं. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई, मला नाही जमणार. तान्हं आहे."

"जमेल. मी आहे ना इथे."

बाळाची आई आली. टेबलाशी बसताच तिने बाळाचा दंड असा आवळून धरला की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. "या वेळी अजिबात हलू देणार नाही," ती घाईघाईने म्हणाली. "मागच्या वेळी माझ्यामुळे दोनदा टोचावं लागलं त्याला."

मुंगीताईंचे हात एप्रनच्या खिशात होते.

"सैल धरा. मागच्या वेळी बाळ हललं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझा हात हलला होता. मी खोटं बोलले तुमच्याशी."

 ती बाई कळवळून म्हणाली, "अहो, आठवडाभर मी स्वतःला बोल लावतेय! साधं बाळ धरता येत नाही मला, असं वाटत होतं."

"हो. माझं चुकलं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

 बाईने मान वळवली. थोड्या वेळाने बाळाच्या दंडावरची तिची पकड सैल झाली. नव्या टेक्निशियनने मान खाली घालून शीर चाचपली.

बाळ मान फिरवून इकडेतिकडे बघत होतं. "मुंगी येणार हं आता," मुंगीताई म्हणाल्या, आणि शाळेतलं ते गाणं गुणगुणत त्यांनी खिशातला हात बाहेर काढून बाळापुढे धरला. बोट थरथरत होतं. बाळाने ते मुठीत घट्ट धरलं.